नवं धुराडं

पारूआक्कांनी मला आसरा दिला, हे आधी सांगतो. मग बाकीचं. कारण बाकीचं मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही — आईलाही नाही, आणि तिला तर मी दर महिन्याला पत्र लिहितो.

सातवीत शाळा सुटली. पुढे दापोलीकडून काष्टीला आलो, एका विमा एजंटाच्या हाताखाली. अक्षर बरं म्हणून फॉर्म भरायचं काम. राहायला जागा नव्हती. पारूआक्का एकट्या, विधवा; बाजाराला येणाऱ्यांसाठी घरातच खानावळ चालवायच्या. त्यांनी ओसरी दिली. "कोकण्या, हितं भात सणासुदीलाच. जमंल का?" म्हणाल्या आणि हसल्या. त्या मुलखात तोवर माझ्याशी हसलं होतं कोण?

शेजारचं घर जळालं, तेव्हा आक्कांनी धास्ती घेतली. घर गेलं की त्यांचं पोटही जाणार. "आगीचा इमा करून दे," म्हणाल्या. फॉर्मात प्रश्न होता — चूल कशी, धूर कुठून जातो. त्यांनी खरं सांगितलं. चूल सासूनं घातलेली. वरचं धुराडं पत्र्याचं, गंजून भोकं पडलेलं, आणि ते जातं उसाच्या पाचटाच्या छपरातून. "समदं लिव्ह. काय लपवू नगंस."

मी काय लिहिलं? — आता लिहितानाही हाताला घाण लागल्यासारखं होतं. 'धुराडं नवं. छप्पर कौलारू.' जुन्या चुलींचे दोन फॉर्म आधीच परत आले होते. तिसरा आला तर कोकणची एसटी धर, असं एजंटानं बजावलं होतं. आक्कांना वाचता येत नव्हतं. त्यांचा अंगठा धरून मी शाईला लावला, कागदावर दाबला. मीच. घर बघायला कुणी आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी धुराड्यातली ठिणगी पाचटात गेली. माणसं बाहेर पडली. घर राहिलं नाही.

तपासाला कंपनीचे साहेब आले. राखेतलं गंजकं धुराडं त्यांनी बुटानं उलटं केलं आणि फॉर्म पुढे धरला. "नवं आहे म्हणून कुणी सांगितलं?"

एजंट माझ्याकडे बघत होता. आक्काही.

"बाईंनी," मी म्हणालो.

अडखळलो नाही, ही त्यातली सगळ्यात घाणेरडी गोष्ट. साहेब आक्कांकडे वळले. आक्कांनी मला एकदा नीट पाहिलं — रागानं तरी पाहायचं ना? — आणि पदर सारखा केला. "म्या सांगितलं आसंल, सायेब. पोराला काय ठावं."

विमा नामंजूर झाला. कंपनीला फसवायला निघालेली बाई, असं बाजारात त्यांचं नाव झालं. माझी नोकरी राहिली. साहेब येऊन गेले त्याच संध्याकाळी आक्कांनी अंगणात तीन दगड मांडून पिठलं केलं आणि मला हाक मारली. मी गेलो. जेवलो. वर मागून घेतलं. भूक लागलीच कशी मला? त्या घासांची शिसारी अजून जात नाही.

आक्का आता पारनेरकडे भावाच्या घरी असतात, भावजयीच्या हाताखाली राबतात. मी अजून त्याच एजंटाच्या कचेरीत आहे. एक दिवस तिकडे जाईन, त्यांना काष्टीच्या भर बाजारात घेऊन येईन आणि चार माणसांत सांगेन, खोटं मी लिहिलं. त्यांचं घर मी उभं करून देईन. कधी, ते सांगत नाही. माझ्या तोंडच्या तारखेवर मी स्वतःसुद्धा विश्वास ठेवणार नाही. पण देईन.