फुलं त्यांची, रंग माझे

आखातात, झिंज भागात, आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा तो. इंटरनेटवरच्या एका साइटवरून फुलांची चित्रं घेऊन त्यात रंग भरायचा. कुणी कौतुक केलं की लगेच सांगणार, "काकू, फुलं त्या साइटची, रंग माझे, खलास!" आमच्या मंडळाच्या जयंतीच्या कार्डावरही त्याने कोपऱ्यात अगदी तसंच लिहिलं.

आता मंडळाचे अध्यक्ष म्हणजे ऑफिसात त्याचेच साहेब. सगळ्यांदेखत म्हणाले, "ते खोड, माझं नाव टाक. मे महिन्याच्या रजेवर सही हवीय ना?"

आम्ही सगळे आपापल्या चहात बघत बसलो. त्याने सावकाश चष्मा पुसला. "साहेब, यात तुमचं काय आहे ते सांगा, तेही लिहितो."

मे महिन्यात बायको-मुलं त्याच्याविनाच गावी गेली. नंतर जिन्यात त्याने मला नवं चित्र दाखवलं.

"फुलं त्यांची, रंग माझे," म्हणाला. 'खलास' मात्र म्हणाला नाही.