वहिनींनी मोबाइलला घासाघीस शिकवली

मंदावहिनी गेल्याची बातमी मला रायपूरजवळच्या अभनपूरच्या बिसाहू सेठांनी दिली, आणि तीही कुजबुजत. मी त्या दिवशी नागपुरात एका मुंजीच्या पंगतीत बसून तिसऱ्यांदा वाढलेल्या जिलब्यांशी झुंज देत होतो. फोन वाजला. पलीकडून आवाज आला, "भैया... दीदी नइ रहिस." मी म्हटलं, जोरात बोला सेठ, इथं बँड वाजून राहिला. मग आठवलं की या माणसाला जोरात बोलताच येत नाही. त्यांनी तेच वाक्य पुन्हा, तितक्याच हळू सांगितलं... पानात जिलबी टाकून उठल्याचा माझ्या आयुष्यातला तो एकमेव प्रसंग.

रायपूरला पोचलो तर चौबे कॉलोनीतल्या आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. अभनपूरच्या बाजूच्या प्रत्येक गावाहून एक तरी मोटारसायकल आलेली, आणि प्रत्येक मोटारसायकलीवर पाइप, नळ, पंप विकणारा एक तरी दुकानदार. बंदोबस्ताच्या पोलिसाला वाटलं कुणी मंत्री गेला. त्यानं मला विचारलं, "कौन पार्टी के थे?" मी सांगितलं, "पार्टी नाही, घासाघीस." तो टोपी काढून बाजूला उभा राहिला. पुढं असं ऐकलं की सलामही ठोकला. ऐकलं म्हणजे मीच चार जणांना सांगितलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ आधीच गेलेला. त्या एका सरकारी कार्यालयाच्या संगणक विभागात होत्या. तिथून स्वेच्छेनं निवृत्त झाल्या आणि ज्या वयात आमच्या घरातल्या बायका गुडघ्यांना तेल लावायला बसतात, त्या वयात त्यांनी ब्राह्मणपाऱ्यात पापड-वड्यांच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन कंपनी काढली. धंदेवाल्यांना हवं तसं सॉफ्टवेअर आणि मोबाइल अ‍ॅप करून देण्याची. कोड लिहायला महासमुंदची दुर्गेश्वरी नावाची पोट्टी, जी बोलायची कमी आणि टाइप करायची इतकं जोरात की खालच्या दुकानातले पापड मोडायचे. माझं पद मार्केटिंग मॅनेजर. कामाचं स्वरूप असं, की वहिनींना स्कूटरवर मागं बसवून गिऱ्हाइकाकडे न्यायचं आणि तिथं गप्प राहायचं. पहिला भाग मी उत्तम करीत असे. गिऱ्हाईक म्हणालं की अमुक कंपनीचं तयार सॉफ्टवेअर स्वस्त पडते, की वहिनी पदर खोचून म्हणायच्या, "मग घ्या ना. तयार कपडे दुकानात टांगूनच ठेवले आहेत. आमच्याकडे माप घेऊन शिवतात." आणि माप घ्यायचं म्हणजे त्या खरोखरच जाऊन बसायच्या. टेंटवाल्याकडे बसल्या, शिकवणीवाल्याकडे बसल्या, एका लाँड्रीत इतके दिवस बसल्या की लोक त्यांच्याकडेच कपडे देऊ लागले.

पण दोन खोल्यांचं भाडं आणि दुर्गेश्वरीचा पगार निघता निघता दम जायचा. पुण्याला त्यांचा मुलगा निखिल. एवढी वर्षं पुण्यात राहून अजून मराठीला हिंदीत उत्तर देतो, हे आमच्या रायपूरचं पोरगं असल्याचं पक्कं प्रमाण. तो दर रविवारी फोन करायचा, "आई, बस हो गया. घर बेचो, इधर आ जाओ, आरव को सँभालो." एका रविवारी त्या म्हणाल्या, "अभनपूरचं एक काम आलं आहे. हे जमलं तर मी इथंच राहीन अन् तू पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही जमलं तर तिकीट काढ, मी गपचूप येते." मी तिथंच होतो. वहिनींना नातवाची माया होती, नाही असं नाही. पण ब्राह्मणपाऱ्यातल्या खोलीची किल्ली त्यांनी फोन ठेवताना मुठीत अशी धरली होती, जशी कुणी हिसकायलाच येऊन राहिलं.

ते काम बिसाहू सेठांचं. सेठ म्हणजे पंप, मोटर, पाइपाचे ठोक व्यापारी. आसपासच्या गावांतले सगळे छोटे दुकानदार त्यांच्याकडून माल उचलत. आयुष्यभर भाव करून करून त्यांचा गळा असा गेला की डॉक्टरांनी सांगितलं, आता बोलणं बंद, नाहीतर आवाज कायमचा बंद. व्यापाऱ्याला बोलू नको म्हणणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखं. त्यांनी एका मोठ्या शहरातल्या कंपनीकडून अ‍ॅप करून घेतलं. चकचकीत. मालाचा फोटो, खाली भाव, बटण दाबा की माल घरी. दुकानदारांनी ते उघडून पाहिलं आणि त्यांना सरळ अपमान वाटला. "ये मोबाइल बहुत अकडू है सेठ, बात ही नहीं करता." मग सगळे सेठांनाच फोन करू लागले, "मोबाइल में तो इतना लिखा है, असली भाव बताओ." आधी सेठांना फक्त भाव करावा लागे, आता मोबाइलची बाजूही सावरावी लागली. उरलासुरला गळाही गेला. वहिनींसमोर हात जोडून कुजबुजले, "दीदी, अब तोर मोबाइल बोलही, मैं नइ बोलंव."

वहिनी त्यांच्या दुकानात जाऊन बसल्या. मीही बसलो, चहाच्या बाजूनं. तिथं कुणी येऊन भाव विचारायचंच नाही. आधी पाऊस, मग पोरीचं लग्न, मग म्हशीचं पोट, आणि मग सहज बोलल्यासारखं, "वो मोटर कितने की पडेगी?" सेठ कागदावर आकडा लिहायचे, माणूस चटका बसल्यासारखा उठायचा, पायऱ्या उतरून गाडीवर जाऊन बसायचा. एकदा मी म्हटलं, "गेलं गिऱ्हाईक."

"भाऊजी, तुम्ही काहून मधात बोलता?" वहिनी हळूच म्हणाल्या. "तिकडे पाहा. गाडीवर बसला, पण किक मारून नाही राहिला."

खरंच की! तो आरशात तोंड पाहत होता, हातमोजे नसताना हातमोजे घालत होता, आणि एक कान दुकानाकडे ताणून बसला होता. सेठांनी टाळी वाजवली. तो "क्या सेठ, फालतू टाइम खराब करते हो" म्हणत परत आला आणि मोटर घेऊन गेला.

वहिनींनी त्याच दिवशी दुर्गेश्वरीला सांगितलं, अ‍ॅपमध्ये 'जावत हंव' असं मोठ्ठं बटण पाहिजे. जातो म्हणून सांगायचं.

"मैडम, ॲप से बाहर जाने का बटन तो रहता ही है."

"ते बाहर जायचं. मले बाहर जायचं सोंग करायचं बटण पाहिजे."

दुर्गेश्वरीनं टाइप करणं थांबवलं. खालचा पापडवाला वर पाहायला आला, काय झालं म्हणून.

आता आवाज कुणाचा? सेठ म्हणाले, लिहिलेलं कुणी वाचणार नाही, बोललं पाहिजे. दुर्गेश्वरी लाजली. माझा आवाज ऐकून सेठ म्हणाले, "ये तो किस्त वसूलने वाला लगता है." शेवटी वहिनींनीच ऐन मे महिन्यात रस्त्याचा गलका येऊ नये म्हणून डोक्यावरून रजई घेऊन सगळी वाक्यं भरली. हिंदी, त्यात छत्तीसगढी, आणि त्या दोन्हींवर आमची वऱ्हाडी चाल. तरी एका वाक्यामागं धनिया-मिरचीवाल्याची हाक शिरलीच, आणि काही गावांत अजून समज आहे की सेठांनी भाजीचाही धंदा काढला. सेठांनी प्रत्येक मालाचा शेवटचा भाव आत भरून ठेवला. त्याच्या वर सगळा खेळ.

अ‍ॅप सुरू झालं आणि सपाटून आपटलं. एक ऑर्डर येईना. दुकानदार भाव मागायचे, 'जावत हंव' दाबायचे, वहिनींचा आवाज लगेच म्हणायचा, ठीक आहे भैया, तुमचाच भाव. आणि समोरचा मोबाइल खाली ठेवायचा. "इतनी जल्दी मान गई? मोटर में जरूर कुछ खोट है." जिंकल्याचा आनंदच नाही, तर माल घ्यायचा कशाला! तिकडे निखिलनं ऐकलं आणि तिकीट पाठवून दिलं. वहिनींनी ते पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आपण फार सज्जन अ‍ॅप केलं. त्याले थोडं आडमुठं करू."

मग त्यांनी त्याला रुसायला शिकवलं. पहिल्या मागणीला फक्त सुस्कारा. दुसरीला, "इतने में तो मैं ही खरीद लूँ." तिसरीला, "सेठ से पूछ के आती हूँ, तब तक चाय पी लो," आणि खरोखर चहा होईपर्यंत गप्प. आणि 'जावत हंव' दाबलं तर मुळीच थांबवायचं नाही. जाऊ द्यायचं! अ‍ॅप बंद होऊ द्यायचं, मोबाइल खिशात जाऊ द्यायचा, आणि माणूस गाडीवर बसला असेल एवढा अंदाज घेऊन मागून हाक मारायची.

त्या भागात फगुवा नावाचा एक दुकानदार होता. त्याच्याशी भाव करून सेठांचा अर्धा गळा गेला असं सेठ म्हणत. उरलेला अर्धा बाकी जगानं मिळून घालवला. तो सेठांच्या ओट्यावर बसून अ‍ॅपशी भांडला. आम्ही आत पाइपांच्या मागं लपून ऐकत होतो. फगुवानं सुस्कारा ऐकला, टोमणा ऐकला, चहा प्यायला. मग ताड्कन बटण दाबलं, मोबाइल खिशात कोंबला, गाडीला किक मारली... आणि निघाला. खरंच निघाला! वहिनींनी माझा दंड असा धरला की त्याची खूण अजून आहे, थंडीत दुखते. गाडी चौकापर्यंत पोचली आणि फगुवाच्या खिशातून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी, रुसलेल्याला मनवणारी हाक आली, "अरे भैया, गाडी मोड लो! एवढ्या सी बात बर रिसा गेव का?"

फगुवानं ब्रेक मारला. दुकान खिशात होतं हो! जागच्या जागी बटण दाबता आलं असतं. पण त्यानं गाडी वळवली, बाजारातून परत आला, ओट्यावर बसला आणि मोबाइल काढून त्याला ऐटीत म्हणाला, "बोलो, अब बोलो!" सगळा बाजार उभा राहून टाळ्या पिटत होता. सेठ आवाज न करता हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वहिनींनी पाइपांच्या मागूनच निखिलला फोन लावला. "तिकीट रद्द कर," एवढंच बोलल्या आणि ठेवला.

त्यानंतर ब्राह्मणपाऱ्यातला जिना कधी रिकामा दिसला नाही. टाइल्सवाले आले, पशुखाद्यवाले आले, साडीवाले तर भांडतच आले, की आमचं अ‍ॅप अजून जास्त रुसलं पाहिजे. शहरातली कंपनी विचारायला आली, हे कसं करता? वहिनींनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, माप घेऊन. सेठांना गप्प राहायची अशी गोडी लागली की गळा थोडा सुधारला तरी ते बोलेनात. सेठाणी वहिनींना दर दिवाळीला साडी पाठवायच्या ती उगाच नाही. आणि वहिनी शेवटच्या सकाळपर्यंत ती किल्ली घेऊन जिना चढल्या. नवं काम हातात होतं, चहा घेता घेता गेल्या. निघून जायचं सोंग न करता... सरळ गेल्या.

तेरवी झाल्यावर निखिल ब्राह्मणपाऱ्यात आला तो खोल्या बंद करायच्या हिशेबानं. इतक्या वर्षांत तो तिथं कधी आला नव्हता. दुर्गेश्वरीनं आपला मोबाइल त्याच्यापुढं सरकवला, अ‍ॅप उघडून. त्यानं उगाच एक छोटा पंप निवडला. नव्या गिऱ्हाइकासाठी वहिनींनी एक वेगळं वाक्य भरून ठेवलेलं, ते मलाही माहीत नव्हतं. त्या बोलल्या, "पहिली बार आए हो ना भैया? धूप में आए हो. पहले पानी पी लो, भाव की बात बाद में."

निखिल उठला. कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून घेतला, उभ्यानंच प्यायला आणि तोंड पुसून बसला. मग त्यानं आईशी भाव करायला सुरुवात केली. हट्टानं केला, लहानपणी पतंगासाठी करायचा तसा. आणि हरला! असा हरला की अभनपूरचं शेंबडं पोरगंही त्याच्याहून स्वस्तात पंप नेईल. ऑर्डर देऊन त्यानं नाक ओढलं, आईची ती किल्ली दुर्गेश्वरीच्या कीबोर्डवर ठेवली आणि म्हणाला, "चलने दो. जैसा है, वैसा चलने दो."

पंप आता पुण्यात आहे, चौथ्या मजल्यावर, गॅलरीत, खोक्यातून काढून पुसून ठेवलेला. विहीर नाही, शेत नाही, नळाला चोवीस तास पाणी. परवा मी फोनवर म्हटलं, अरे, कुणाला तरी विकून टाक ना.

"एक जण आया था काका," निखिल म्हणाला. "भाव नहीं जमा."