चिंचेची बाजू

"बठ्ठं उलटं शे!" सगळंच उलटं आहे, असं नाना म्हणाले की नवख्या माणसाला वाटायचं, सरकारला शिव्या घालतायत. निम्म्या वेळा ते खरंही असायचं. उरलेल्या वेळी ते नुसते लिनोचा तुकडा आरशासमोर धरून उभे असायचे.

नाना मूळचे धुळ्याकडचे. जामनेरला आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे, मी मराठी. रबरासारख्या त्या लिनोवर ते निसर्ग कोरायचे, वर काळी शाई फिरवायचे आणि कागद ठेवून वाटीच्या बुडानं घोटायचे. छाप उमटतो तो उलटा, डावीकडचं उजवीकडे जातं. म्हणून मुळात कोरायचंच उलटं. केळीचं पान ते फाटलेलंच काढत. एका मुलानं सबंध पान काढलं तेव्हा कडाडले, "तुमना गावमा वारा नही का?"

पहूरच्या रस्त्यावर एक जुनी चिंच होती. तुम्हीही अशा एखाद्या झाडाखाली एसटीची वाट पाहिली असेल. रस्ता रुंद करायचा म्हणून ती तोडणार, अशी नोटीस लागली. पलीकडच्या बाजूला नुसतं पडीक होतं, तिकडे सरका, एवढंच आमचं म्हणणं. हरकतीला तीन दिवस होते. अर्ज मी लिहिला. नाना संतापानं धुमसत भर उन्हात झाडासमोर बसले आणि थेट लिनोवर कोरू लागले. आरसा नाही, कच्चं चित्र नाही. घरी येऊन छाप काढला, तो मी अर्जाला जोडला. अर्जातले ऱ्हस्वदीर्घ मी तीनदा तपासले, चित्राकडे मात्र धड पाहिलंही नाही. याचा राग मला अजून येतो.

सुनावणीत बांधकाम खात्याच्या साहेबांनी चित्र बोटानं आपल्याकडे ओढलं.

"नाना, तुमच्या चित्रात झाड उजवीकडे आहे. आम्ही रस्ता डावीकडे वाढवतोय. मग हरकत कसली?"

आयुष्यभर उलटं कोरणारा माणूस त्या एका दिवशी सरळ कोरून बसला होता, आणि डावीकडची चिंच छापात उजवीकडे गेली होती. नानांचा चेहरा उतरला. पण ते हात जोडून म्हणाले, "चूक मनी शे साहेब, झाडनी नही. एकदाव यीसन देखा."

"येऊन काय बघायचं? रेकॉर्डवर चित्र आहे," साहेब म्हणाले आणि हरकत निकालात काढली. मोजणीच्या दिवशी या माणसाची जीप दिवसभर त्याच चिंचेच्या सावलीत उभी होती! शरम नावाची चीज कुठे विकत मिळत असती, तर मी त्यांना आणून दिली असती.

चार दिवसांत चिंच आडवी झाली. नाना रोलर आणि शाई घेऊन गेले. मजूर बाजूला झाले. नानांनी जमिनीत उरलेल्या खोडावरचा भुसा झटकला, शाई फिरवली, कागद ठेवून घोटला. ओला छाप तसाच ऑफिसात नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला. कडं, कड्यात कडं, आणि मधून करवतीचे ओरखडे.

"आते सांगा, हाई कोन्ती बाजू शे?"

कारकुनानं सवयीनं कोपऱ्यात आवकचा शिक्का मारला.

पुढे नानांना अर्धांगवायू झाला आणि मुलगी त्यांना धुळ्याला घेऊन गेली. उजवा हात गेला, लिनो सुटलं. दरम्यान रस्ता झाला. उन्हाळ्यात मी पाहायला गेलो तर खोड तिथंच होतं, डांबराच्या चार हात बाहेर. रस्ता तिथवर आलाच नव्हता. झाड ठेवलं असतं तरी काही बिघडलं नसतं. त्या दिवशी मी रस्त्यात उभा राहून मोठ्यानं शिव्या दिल्या, मराठीच्या मास्तराला न शोभणाऱ्या.

संध्याकाळी नानांचा फोन आला. जीभ जड झाली होती, तरी रस्ता कुठवर आला तेच आधी विचारलं. "रस्ता कथा लगून उना रे भाऊ?"

"खोडावरून गेला, नाना," मी म्हणालो. "पार वरून. इलाजच नव्हता."

मग ते म्हणाले, "मंग ठीक शे."

त्या उन्हाळ्यातच नाना गेले.