चंद्राबाईची रविवारची चूल

वरंधच्या वरच्या वाडीत चंद्राबाईचा सगळा जन्म गुरांमागं गेला, आणि सोंगं करायची पाळी आली ती साठीनंतर. धाकट्या मंगेशने मुंबईची नोकरी सोडून शहरातल्या माणसांना एका दिवसात डोंगर दाखवायचा धंदा काढला होता. त्यामुळे दर रविवारी गॅसची शेगडी गोधडीखाली लपवायची आणि चुलीवर डोळे चोळत भाकऱ्या थापायच्या.

"आये, त्यांना ओरिजिनल लागतं."

"धूर खायला गाड्या करून येतात मेले!" ती फणकारायची.

त्या रविवारी ओटीवर टेकलेल्या एका बाईने मंगेशला विचारलं, "या कोण तुमच्या?"

सकाळपासून तो स्वतःला दादरचा म्हणवत होता. चटकन म्हणाला, "चंद्रामावशी. इथल्याच. फार साध्या हो."

चंद्राबाईने तव्यावरची भाकरी उलटली. मग बाहेर येऊन सगळ्यांना गूळपाणी दिलं. मंगेश नेहमीसारखा पाणी प्यायला आत निघाला, तशी तिने दारात हात आडवा धरला.

"आत कुठं, ओ दादरवाले? पाव्हण्यांनी ओटीवरच बसायचं. मावशी पाणी भायेर आणून देते."