पेशीने गिळावं म्हणून

पेणहून मी रोज एसटीने रोह्याला जायचे. तिथल्या एका औषध कंपनीत संशोधन विभाग होता. विभाग कसला, दोन खोल्या. आमचे साहेब, मी आणि शेजारच्या अष्टमी गावातून येणाऱ्या, काचसामान धुणाऱ्या मावशी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एड्सच्या विषाणूवर औषध निघालं होतं. पण हा विषाणू रोगाशी लढणाऱ्या पेशींमध्येच दडून बसतो. त्यांतल्या काही पेशी परका कण दिसला की गिळतात. मग औषध चरबीच्या सूक्ष्म पिशवीत भरून त्यांना गिळायला द्यायचं, असं साहेबांच्या मनात होतं. या पिशव्यांना लायपोसोम म्हणतात.

अंड्याच्या बलकातून काढलेल्या चरबीचा फ्लास्कला आतून पातळ थर द्यायचा, औषधाचं पाणी घालून हलवायचं, की पिशव्या तयार होतात. आमच्याही होत होत्या. पण तीन दिवसांत औषध झिरपून बाहेर! चरबीचं प्रमाण बदललं, कोलेस्टेरॉल वाढवलं, तरी तेच. अंड्यांचा वास केसातून जात नसे.

एकदा बलक वेगळे करताना मावशींनी विचारलं, "बाय, ह्ये औषद मान्साला कवा देनार?"

"अजून लई वर्सं, मावशी. का हो?"

"माझा भाऊस हाय ना. ट्रकवर होता. डाक्टरनी ह्याच रोगाचं नाव सांगितलंय."

मी पुढचं अंडं उचललं. त्याही खाली मान घालून अंडी फोडत राहिल्या.

अखेर एक घाणा जमला. आठवडाभर पिशव्या टिकल्या. पेशींवरची चाचणी मुंबईच्या प्रयोगशाळेत व्हायची होती. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन मी स्वतः निघाले. वडखळ नाक्यावर गाडी दोन तास अडकली, तरी बर्फ टिकला. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'थंड ठेवा, गोठवू नका.' तिथल्या माणसाला तोंडानेही सांगितलं.

चार दिवसांनी फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, सुरक्षित राहावं म्हणून फ्रीझरमध्ये ठेवलं होतं. काढलं तर तळाशी नुसता साका."

गोठलं की पिशव्या फुटतात. औषध सगळं पाण्यात. मी फोनवर ओरडले, मग रिसीव्हर आपटला. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "पुन्हा करू." पण त्याच महिन्यात वरून हुकूम आला, यातून माल निघणार नाही, काम बंद. मला गोळ्यांची तपासणी दिली. दिवसभर गोळ्या पाण्यात किती वेळात विरघळतात ते बघायचं.

पावसाळ्यानंतर मावशींचा भाऊ गेला. आमचं औषध वेळेत झालं असतं तरी त्याच्यापर्यंत पोचलं नसतं, हे मला ठाऊक होतं. मी त्यांना तसं समजावू लागले. त्या म्हणाल्या, "बाय, तू नको सांगू त्ये." आणि बीकर धुवायला घेतले.

डबा फ्रीझरमध्ये ठेवणाऱ्या त्या माणसाचा राग मात्र माझ्या मनातून अजून गेलेला नाही.