हिरवा दोरा आणि तिसरं अंडं

मी मुळातच संशयी. भाजी घेताना आधी काट्याकडे बघते, मग भेंडीकडे. आई म्हणते, लहानपणी मी दूधसुद्धा वास घेतल्याशिवाय तोंडाला लावत नसे. तेव्हा विद्यापीठाच्या ट्रॅकसूटबद्दल मला शंका आली यात नवल नाही. पण खरं सांगायचं तर ती आधी आईला आली.

कॉलेजात मी आठशे मीटर पळायचे. विद्यापीठाच्या संघात पहिल्यांदा निवड झाली तेव्हा स्पर्धेआधीचं तीन आठवड्यांचं शिबिर मलकापूरला, आमच्याच कॉलेजच्या मैदानावर होतं. शिबिराचा सगळा खर्च आमच्या क्रीडाशिक्षकांच्या हातात. विद्यापीठाकडून आगाऊ रक्कम घ्यायची, बिलं जोडायची, हिशेब द्यायचा, सगळं सरच करायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रत्येकाला प्लास्टिकच्या पिशवीतला निळा ट्रॅकसूट दिला आणि रजिस्टरवर सही घेतली. नवीन, एक नग, कायम वापरासाठी. मला पँट लांब होत होती म्हणून रविवारी ती वडनेर भोलजीला घरी नेली. आई गावात शिवणकाम करते. तिने पँट उलटी केली, खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि चष्मा लावला.

"हे नवं नाही," ती म्हणाली. "ही पट्टी आधी कोनीतरी उसवली हाय."

पँट आखूड करून दिली तेव्हा तिने आतल्या बाजूने हिरव्या दोऱ्याचे चार टाके मुद्दाम घातले, बाहेरून दिसणार नाहीत असे. आमच्या घरात संशय वारशाने येतो.

स्पर्धेहून परतल्यावर सरांनी सगळे ट्रॅकसूट धुवायला म्हणून जमा केले. ते परत मागायचे नसतात, ही दरवर्षीची रीत आहे, असं मोठ्या मुलींनी सांगितलं. मीही मागितला नाही.

पुढच्या वर्षी, माझ्या शेवटच्या वर्षी, पुन्हा शिबिर, पुन्हा नव्या पिशव्या, कडक इस्त्री आणि तीच सही. खोलीतल्या एका मुलीला तिची पँट घोट्याच्या वर येत होती. मी ती हातात घेऊन उलटी केली. हिरवे चार टाके जसेच्या तसे होते.

तिसऱ्या दिवशी सराव संपल्यावर सरांना पाण्याच्या टाकीपाशी एकटं गाठलं आणि जुनेच ट्रॅकसूट वाटून नव्यांची बिलं लावता का, असं विचारलं. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते चिडले नाहीत. विद्यापीठ जेवणाचा जो दर देतं त्यात डाळ-पोळीच भागते, म्हणाले. तुम्ही खाता ती दोन अंडी, दूध, केळी कुठून येतात ते तूच सांग.

"ट्रॅकसूट घालून कोनी पळत नाही, बाई. पळायले पोटात लागते."

मला लाज वाटली. रोज सकाळी दोन अंडी मीच तर खात होते, आणि माझी वेळ त्या वर्षी सुधारली होती. पण लाज संध्याकाळपर्यंतच टिकली. वहीच्या मागच्या पानावर मी अंडी, दूध, केळी, मुलं आणि दिवस मांडले. बाजारात जाऊन ट्रॅकसूटचा भाव विचारून आले. कितीही ओढूनताणून मांडलं तरी ट्रॅकसूटचे पैसे उरत होते. मग गॅस धरला, आचाऱ्याची मजुरी धरली. तरी उरतच होते. सरांनी दिवाळीत नवी मोटारसायकल घेतली होती. शिक्षकाने मोटारसायकल घेऊ नये असं थोडंच आहे? पण मैदानाकडे जाताना मी रोज तिच्याकडे बघायचे.

शेवटच्या आठवड्यात बातमी आली की विद्यापीठात कोणीतरी निनावी अर्ज केलाय आणि चौकशीला माणूस येतोय. अर्ज मी केला नव्हता. पण टाकीपाशी मीच बोलले होते, त्यामुळे सरांना माझाच संशय येत असणार, हे मला त्यांच्या बघण्यावरून कळत होतं. आता मी त्यांच्याकडे बघायचे आणि ते माझ्याकडे. खरं बोलले तर शिबिर बंद, संघ अडचणीत, माझी शेवटची स्पर्धा गेली. खोटं बोलले तर आईचे चार टाके फुकट.

चौकशीच्या दिवशी सकाळी नाश्त्याला माझ्या ताटात तीन अंडी होती. मी शेजारची ताटं पाहिली. सगळ्यांच्या ताटात दोनच होती.

"आज तुले लांब पळाचं हाय," सर म्हणाले आणि पुढे गेले.

तिसरं अंडं मी खाल्लं. का खाल्लं ते मी स्वतःला अनेकदा विचारलंय. भूक होती हे उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही.

दहा वाजता ऑफिसात एकेकाला बोलावलं. चौकशीला आलेला माणूस थकलेला होता, कागदावरून डोळे वर न करता विचारायचा. ट्रॅकसूट नवीन मिळाला का? मी हो म्हटलं. कायम वापरासाठी? हो. त्याने सहीची जागा दाखवली, मी सही केली आणि बाहेर आले. सर दारातच उभे होते.

दुपारी तो माणूस मलकापूरहून गाडीने परत गेला. संध्याकाळी मी बूट घालून मैदानावर आले तर सराव रद्द केल्याचं कळलं. लांब पळणं त्या दिवशी झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ताटात पुन्हा दोनच अंडी होती. मी ती मुकाट्याने सोलली.