कोपऱ्यातला नंबर

पंपांच्या त्या कारखान्यात चिठ्ठीताईंचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं. बाकी लहानथोर सगळे त्यांना चिठ्ठीताईच म्हणायचे. चोवीस वर्षं ही बाई स्टोअरच्या खिडकीत बसलेली, आणि साधा वायसर हवा असला तरी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. चिठ्ठीवर खाली उजव्या कोपऱ्यात नोकरीचा नंबर आणि छोटी सही नसेल, तर चिठ्ठी आल्या पावली परत. कोणी कळवळून म्हणालं, "अहो ताई, मशीन बंद पडलंय!" की या शांतपणे म्हणायच्या, "मग नंबर लिहायला वेळच वेळ आहे." नवे इंजिनिअर आठ दिवसांत सरळ व्हायचे. आठ महिन्यांपूर्वी आलेल्या मॅनेजरसाहेबांनाही, भाच्याच्या वयाचा असेल तो मुलगा, पहिल्याच आठवड्यात टाचण्यांच्या डबीसाठी दोनदा परत पाठवलं होतं त्यांनी.

तर अशा या बाईच्या हातात एका गुरुवारी दुपारी मुख्य कार्यालयाचा एक फॉर्म पडला. 'आपल्या कंपनीत काम करताना काय आवडतं? काय आवडत नाही? मनमोकळं लिहा. नाव लिहू नये.' लिहून झालं की कुलूप लावलेल्या पेटीत टाकायचा.

चोवीस वर्षांत त्यांना असं कोणी विचारलंच नव्हतं हो! ताईंनी आधी न आवडणारं लिहून टाकलं, कारण ते ओठावरच होतं. खुर्चीचा पाय मोडून चौदा महिने झाले, अर्ज तीन शहरं फिरून आला, खुर्ची काही आली नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा कॉम्प्युटर पाठवतो, त्याही चुकीच्या तारखेला. वरून रोज नवा नियम येतो, आणि तो करणाऱ्याने स्टोअरची खिडकी कधी पाहिलेली नसते.

आवडणारं लिहिताना मात्र त्यांचा हात हळू झाला. पगार ठरल्या दिवशी होतो. आईला झटका आला तेव्हा कंपनीच्या कार्डावर दवाखान्याने एका शब्दाने काही न विचारता तिला दाखल करून घेतलं. आणि मग, खरं तेच लिहायचं म्हणून, त्यांनी लिहिलं: 'सगळ्यात आवडतं ते मागचं फाटक. जेवणाच्या सुट्टीत वॉचमनदादा मला तीन वर्षं नोंद न करता सोडतात. घर पाच मिनिटांवर. आईला भरवून मी वेळेत परत येते.'

नियमाने असं जाता येत नव्हतं. गेटपास घ्या, कारण लिहा, अर्धा दिवस रजा टाका. रोज अर्धा दिवस कुठून आणायचा? घरी नवरा आहे, पण त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला. तो नेहमी म्हणायचा, "मला मालक नाही, म्हणून मला सुट्टीही नाही." शिवाय आईचा उजवा हात गेलेला, आणि जावयाच्या हातून घास घ्यायला ती मेली तरी तयार नव्हती.

ताईंनी फॉर्म पेटीत टाकला आणि अगदी हलक्या मनाने घरी गेल्या.

संध्याकाळी त्या आईच्या औषधांची यादी करत बसल्या होत्या. नवऱ्याने यादी उचलली आणि खो खो हसत सुटला. "अगं, सासूबाईंच्या गोळ्यांवरसुद्धा सत्तावीसशे सोळा? आता माझ्या कपाळावरही टाक की सही!"

ताई हसल्या नाहीत. यादीच्या कोपऱ्यात नंबर होता, म्हणजे फॉर्मच्या कोपऱ्यातही असणार. लिहिल्याचं आठवत नव्हतं. पण श्वास घेतल्याचं तरी कुठे आठवतं?

"अहो, मी त्या दादांची नोकरी घालवली," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडूच कोसळलं.

शुक्रवारी सकाळी त्या आधी मागच्या फाटकाशी गेल्या आणि वॉचमनदादांना सगळं सांगून मोकळ्या झाल्या. दादांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली. "बघू काय होतं ते," ते म्हणाले. "तोवर आईंना उपाशी ठेवणार का?" आणि दुपारी बारा चाळीसला त्यांनी नेहमीसारखं फाटक उघडून पाठ फिरवली. ताईंना त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोमवारी साडेअकराला मॅनेजरसाहेबांचं बोलावणं आलं. ताईंनी मनाशी ठरवलं, की म्हणायचं, सगळा दोष माझा, दादांना काही माहीत नव्हतं. टाचण्यांची डबी आता व्याजासकट वसूल होणार, असंही वाटून गेलं.

साहेबांच्या टेबलावर फॉर्मचा गठ्ठा होता. "बसा, चिठ्ठीताई," ते म्हणाले. चेहऱ्यावर राग होता की काय होतं, कळायला मार्ग नव्हता. "पेटी उघडली. एकशे तेरा फॉर्म निघाले. जरा चाळून बघा."

ताईंनी वरचा उचलला. कोपऱ्यात नंबर आणि छोटी सही. दुसरा उचलला, त्यावरही तेच. फोर्जिंगवाल्यांचा, रंगवाल्यांचा, कॅन्टीनच्या बाईंचासुद्धा! एकही कोपरा रिकामा नव्हता.

"हे तुमचं काम आहे," साहेब म्हणाले आणि त्यांना हसू आवरेना. "तुम्ही सगळ्या कारखान्याला वळण लावलंय. मुख्य कार्यालय म्हणतं, ओळख पटणारे फॉर्म चालणार नाहीत, सगळे नव्याने भरून घ्या. म्हणून ज्याचा त्याला परत देतोय. आणि मी कुठल्या तोंडाने बोलू?" त्यांनी खणातून आपला स्वतःचा फॉर्म काढून दाखवला. कोपऱ्यात ठसठशीत नंबर होता.

ताईंनी हुश्श केलं, अगदी मोठ्याने. पण साहेबांनी त्यांचा फॉर्म पुढे केला, तेव्हा तो हातातून मात्र सोडला नाही.

"कागदावर फाटकाचं काही आलं, तर मला ते बंद करावं लागेल," ते हळूच म्हणाले. "कागदावर नाही आलं, तर मला काहीच ठाऊक नाही. आई जेवतात का नीट?"

"घोटून दिलं की जेवते," ताई म्हणाल्या. त्यांनी फॉर्म घेतला, बाहेर येऊन त्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि स्टोअरकडे न जाता तडक फाटकाकडे पळत सुटल्या. छपन्न वर्षांची बाई, लहान मुलीने अंगणात पळावं तशी पळाली. दादांनी ऐकलं आणि भिंतीला टेकून खालीच बसले. "तीन दिवस बायकोशी धड बोललो नाही हो मी," ते म्हणाले. त्यांनी टोपीने डोळे पुसले. मग दोघं वेड्यासारखे हसत राहिले.

त्या दुपारी आईने सगळी वाटी संपवली आणि लेकीचा चेहरा बघून तिरक्या तोंडाने विचारलं, "बढती मिळाली का गं?"

"त्याहून मोठं," ताई म्हणाल्या आणि तिचं तोंड पुसलं.

परत आल्यावर त्यांनी मोडक्या खुर्चीवर बसून नवा फॉर्म भरला. खुर्चीची तक्रार पुन्हा लिहिली, जरा जास्तच कडक. 'काय आवडतं' या रकान्यात खूप वेळ विचार करून एकच ओळ लिहिली: 'इथल्या काही माणसांना वेळेवर पाठ फिरवता येते.' पेन आपसूक खाली उजव्या कोपऱ्याकडे निघालं. ताईंनी डाव्या हाताने ते धरलं, टोपण लावलं आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा नंबर नसलेला कागद पुढे जाऊ दिला.